परिशिष्ट ‘ब’चं पान

१

फाइलीतलं एक पान गायब झालं होतं. खून नाही, दरोडा नाही, एक पान. पण त्या पानापायी एका पोरीची जागा गेली होती, आणि ती परत मिळवायला आमच्याकडं दीड दिवस होता. शनिवारी संध्याकाळी पाचला प्रवेश बंद होणार होते.

शुक्रवारी सकाळी प्राचार्य सोनवणे सरांनी ती फाइल माझ्यापुढं सरकवली. “वाघचौरे साहेब, हे तुमच्याशिवाय कुणाला सापडायचं नाही,” ते म्हणाले. मी खुर्चीत जरा मागं रेलून बसलो. त्या रेलण्याची मला आज लाज वाटते. बायको म्हणते, कुणाला सांगत बसू नका, झाकली मूठ सव्वा लाखाची. पण मूठ उघडली तीच चारचौघांत, आता झाकून काय करू?

मी मुरलीधर वाघचौरे. उस्मानपुऱ्यातल्या ह्या महाविद्यालयात चौतीस वर्षं नोकरी केली, त्यातली एकोणीस मुख्य लिपिक म्हणून. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, तरी दर मंगळवारी आणि शुक्रवारी मी ऑफिसात जातो. कुणी बोलावत नाही, कुणी हाकलतही नाही. कपाटं लावून देतो, फाइलीतली जास्तीची पानं काढतो, नव्या लोकांना चार गोष्टी शिकवतो. शहराचं नाव बदललं, मी अजून पाकिटावर आधी औरंगाबाद लिहितो आणि मग खोडून छत्रपती संभाजीनगर करतो. हाताला वळण पडलंय, आणि हातही डावा. शाळेत मास्तरांनी छड्या मारून पाहिल्या, पण उजव्यानं लिहायला मी शिकलो नाही. माझी साधी रेघसुद्धा जगाच्या उलट्या अंगानं पडते.

प्रकरण असं होतं. आमच्याकडं सौरऊर्जेचा तीन वर्षांचा पदवी अभ्यासक्रम आहे, जागा तीस. प्रवेश गुणांवर होतात. आधीच्या पात्रतेला जास्तीत जास्त चाळीस गुण, टक्केवारीला पन्नास, अनुभवाला दहा. पात्रतेचा तक्ता जुना होता: बारावी विज्ञानाला चाळीस, बाकी बारावीला तीस, दोन वर्षांच्या आयटीआयला वीस. यंदा प्रवेश समितीनं हा तक्ता बदलला. परिपत्रकाच्या पहिल्या पानावर स्वच्छ लिहिलंय, ‘सुधारित गुण परिशिष्ट ब प्रमाणे’. पण फाइलीत जे परिशिष्ट ब होतं ते गेल्या वर्षीचंच निघालं. दोन्हींचं नाव एकच, सही एकाच बाईंची, तारीख कशावरच नाही. नवं पान नव्हतं, आणि अख्खी यादी जुन्या तक्त्यानं लागून बसली होती.

समितीच्या अध्यक्षा चतुराबाई मॅडम मे महिन्यात निवृत्त होऊन बंगळुरूला लेकाकडं गेल्यात. त्यांना फोन केला.

“आयटीआयचे गुण वाढवले, हे नक्की,” त्या म्हणाल्या. “पण तीन मसुदे झाले होते. एकात वीस, एकात तीस, एकात चाळीस. शेवटी कशावर सही केली ते सहीचं पान बघून सांगा. नुसत्या आठवणीवर मी कुणाला जागा देणार नाही आणि कुणाची घालवणारही नाही.”

बाई शिस्तीची, तिचं काही चुकलं नाही. पान सापडायला हवं होतं. नाही सापडलं तर आहे ती यादी कायम राहणार होती.

२

ज्या पोरीनं हे उकरून काढलं ती सकाळी नऊपासून बाकावर बसून होती. विशाखा सखाराम दाभाडे, पाचोडची. इलेक्ट्रिशियनची दोन वर्षांची आयटीआय, ब्याऐंशी टक्के. गावात शेतपंपांचे स्टार्टर दुरुस्त करते म्हणे, पण त्याचं सर्टिफिकेट कोण देणार, म्हणून अनुभवाला शून्य. जुन्या तक्त्यानं तिचे एकसष्ट होत होते. तिसावी, म्हणजे शेवटची जागा शहात्तरवर थांबली होती. नव्या तक्त्यात आयटीआयला तीस असतील तर एकाहत्तर, म्हणजे बाहेरच. चाळीस असतील तर एक्याऐंशी, म्हणजे आत. आयटीआयवाले आणखी तिघं होते, पण त्यांची टक्केवारी इतकी कमी की चाळीसनंही ते पोचत नव्हते.

“जय भीम सर,” म्हणून ती समोर बसली.

“तक्ता बदलला हे तुला कुणी सांगितलं?”

“एप्रिलमधी तुमच्या मॅडम आमच्या आयटीआयला आल्या व्हत्या. म्हणल्या, यंदा तुम्हालाबी नीट गुण भेटणार, फार्म भरा. म्हणून भरला. नायतर मी कशाला येते इथं?”

“किती भेटणार ते सांगितलं?”

“नाय.”

“मग हरकत घेतलीस.”

“घेतली ना. त्याचं हे उत्तर आलं.” तिनं प्लास्टिकच्या पिशवीतून एक कागद अर्धा बाहेर काढला. “उत्तरबी तुम्ही रद्दीवर दिलं सर. ह्याच्या मागं बघा, ते...”

मला राग आला. आमच्या ऑफिसात हरकतीचं उत्तर दोन प्रतींत निघतं. एक कोऱ्या कागदावर, ती फाइलीला. दुसरी पाठकोऱ्यावर, म्हणजे एका बाजूनं वापरलेल्या जुन्या कागदाच्या मागच्या बाजूला, ती अर्जदाराला. हा नियम मी घालून दिलेला, आणि कागद वाचवल्याबद्दल एका प्राचार्यांनी सभेत माझं कौतुकही केलं होतं.

“रद्दी नाही म्हणायचं. पाठकोरा म्हणतात त्याला,” मी म्हणालो. “आणि मागचं बघायचं नसतं. मागं रेघ मारलेली असते, दिसत नाही का? रेघ मारली म्हणजे ते रद्द.”

“व्हय, रेघ हाय. पण सर...”

“ते ठेव आत. ऑफिसची प्रत आहे माझ्याकडं.”

तिनं कागद परत पिशवीत घातला. उत्तराचा मजकूर मी ऑफिसप्रतीत वाचला, ‘आपली हरकत विचारात घेता आपण पात्र ठरत नाही असे खेदपूर्वक कळविण्यात येते’. नमुना माझाच होता, दहा वर्षांपूर्वी लिहून ठेवलेला. अजून वापरतात हे पाहून बरं वाटलं, तेही कबूल करतो.

“घरचे काय म्हणतात?” मी उगाच विचारलं.

“आई काय नाय म्हणत. बाबा म्हणतात तुझंच कायतरी चुकलं आसंल. एवढं मोठं कॉलेज, ते कशाला चुकतील?”

“बरोबर आहे त्यांचं. फॉर्म नीट वाचून भरावा,” मी म्हणालो.

तिनं माझ्याकडं एकदा बघितलं आणि उठली. उद्या दुपारी येते म्हणाली.

३

पानाचा तपास पानापासून करावा. मी फाइल उघडून टॅग पाहिला. आजूबाजूच्या पानांची भोकं शाबूत होती, कुठं ओढाताण नाही. म्हणजे पान फाडलं नव्हतं. कुणीतरी टॅग सोडला, पान अलगद काढलं आणि परत दोन वेढ्यांची गाठ मारली. ही दोन वेढ्यांची गाठ मीच सगळ्यांना शिकवलेली. तेव्हा काम ऑफिसातल्याच माणसाचं, आणि घाईत नसलेल्या माणसाचं.

मग आवक रजिस्टर पाहिलं. दोन आठवड्यांपूर्वीच्या सोमवारी मेघानं नोंद केली होती: परिपत्रक, पाने तीन. एक परिपत्रकाचं, एक नवं परिशिष्ट, एक जुनं परिशिष्ट संदर्भासाठी. मेघा आमची प्रवेशाची लिपिक, पोरगी नेकीची पण जरा भिडस्त.

“त्या बुधवारी सकाळी तू ही फाइल सत्यमला दिलीस तेव्हा किती पानं होती?”

“मी मोजली नाहीत सर,” ती म्हणाली. “मंगळवारी मी रजेवर होते. आल्या आल्या कपाटातून काढली आणि दिली.”

सत्यम आमचा संगणकवाला, अजिंठ्याचा, बोलण्यात फटकळ. “आत दोनच पानं होती सर. परिपत्रक आणि एक परिशिष्ट,” तो म्हणाला. “परिशिष्टात आयटीआयला वीस लिहिलेले, मी वीस टाकले. माझ्याकडं तीन मसुदे पडलेत, पण सही नसलेल्या कागदाला तुम्हीच विचारत नाही. तुमचंच वाक्य आहे ते.”

“त्या मंगळवारी कुठं होतास?”

“परीक्षा विभागात, दिवसभर. रजिस्टर बघा.”

रजिस्टर खरं बोलत होतं. सोमवारी तीन पानं, बुधवारी दोन. चोरी झाली ती मंगळवारी.

फायदा कुणाचा, हेही पाहायला हवं होतं. तिसावी जागा राजनंदिनीला लागली होती, आणि राजनंदिनी ही संस्थेचे सचिव आप्पासाहेब यांची पुतणी. वैजापूरकडची मोठी शेती, शहरात दोन बंगले, बोलणं मात्र गुळासारखं. त्यांना मी प्राचार्यांच्या केबिनमध्ये गाठलं.

“पोरीसाठी शब्द टाकला होता, नाही कशाला म्हणू?” ते म्हणाले. “पण यादी लागली तर तिचा नंबर तसाच लागलेला. माझा शब्द वाया गेला म्हणा.”

“तक्ता बदलल्याचं तुम्हाला ठाऊक होतं?”

“वाघचौरे, मला गुणाकार येत नाहीत, तक्ते कुठले.” त्यांनी बशीत चहा ओतला. “पान नाही सापडलं तर?”

“तर यादी कायम.”

“मग शोधा बापडे,” असं म्हणून त्यांनी चहा शांतपणे संपवला. फाइलीची गाठ सोडणं ह्या माणसाच्या हाताला जमणार नाही, हे मला दिसत होतं. पण हात दुसऱ्याचा असू शकतो.

मंगळवारी मेघा नव्हती, सत्यम नव्हता. कपाटाची चावी त्या दिवशी एकाच माणसाकडं होती.

४

कचरू आमचा शिपाई. माझ्याबरोबर सत्तावीस वर्षं काढली त्यानं, चार महिन्यांनी निवृत्त होणार. मी कुठं बसतो, चहा कुठल्या हाताला ठेवायचा, सगळं त्याला पाठ. मी त्याला समोर उभं केलं. बस म्हणालो नाही.

“त्या मंगळवारी कपाट कुणी उघडलं?”

“म्या उघडलं साहेब.”

“कुणासाठी?”

त्यानं टेबलावरचा माझा कप सरळ केला.

“आप्पासाहेबांचा फोन आला होता?”

“नाय.”

“मग कुणाला घाबरतोस? एका गरीब पोरीची जागा गेलीय कचरू, आणि तू तोंडात मिठाची गुळणी धरून उभा. ह्या वयात मेमो घेऊन घरी जायचंय का?”

मी बरंच बोललो. सगळं इथं लिहीत नाही, लिहवत नाही. शेजारच्या टेबलांवरची कामं थांबली होती. कचरूनं खांद्यावरच्या फडक्यानं तोंड पुसलं.

“लिहा माझं नाव,” तो म्हणाला. “म्याच फाडलं ते पान.”

मला आतून उकळी फुटली, कारण तो खोटं बोलत होता. पान फाडलं नव्हतंच, टॅग सोडून काढलं होतं. न केलेला गुन्हा हा माणूस अंगावर घेत होता. कुणासाठी?

तो गेल्यावर मेघा माझ्या टेबलाशी आली. डोळे भरलेले. “सर, कचरूमामांचं नाव लिहू नका. माझं लिहा. लिपिकाकडून गहाळ झालं म्हणून लिहा. एखादा मेमो मिळेल, मिळू दे.”

“तू काढलंस?”

“नाही.”

“मग?”

“सर, फार खोलात जाऊ नका ना,” ती म्हणाली. “तुमच्या पाया पडते.”

एका गुन्ह्याचे दोन कबुलीजबाब, दोन्ही खोटे. आप्पासाहेबांनी दोघांना दम दिलाय, अशी माझी खात्री झाली. सज्जन माणसं दडपणाखाली कशी वागतात हे मला कळतं, असं मी मनाशी म्हणालो. स्वतःच्या अकलेवर इतका खूश मी फार दिवसांनी झालो होतो.

५

अहवालाचा कच्चा मसुदा लिहायला मी मेघाच्या टेबलावरच्या ट्रेमधून एक पाठकोरा ओढला. दोन ओळी लिहिल्या आणि सहज कागद उलटा केला. मागं गेल्या वर्षीचं परीक्षेचं वेळापत्रक, त्यावर लाल पेनची फुली. सत्यमची.

तेव्हा डोक्यात उजेड पडला. पान चोरीला गेलंच नसेल तर? दोन परिशिष्टं एकाच नावाची, तारीख नसलेली. कुणाला तरी वाटलं असेल की ह्यातलं एक जास्तीचं आहे. जास्तीचं पान आमच्याकडं जातं कुठं? पाठकोऱ्याच्या ट्रेमध्ये. आणि ट्रेमध्ये टाकणाऱ्यानं छापील बाजूवर रेघ मारायची, म्हणजे तो कागद खरा समजून कुणी वापरणार नाही. हाही माझाच नियम. मेघा पट्टी ठेवून रेघ मारते, सत्यम लाल पेननं फुली मारतो, माझी निळी पेन्सिल. रेघेवरून माणूस ओळखू येतो.

ट्रे पालथा घातला. परिशिष्ट नव्हतं.

“सत्यम, त्या मंगळवारनंतर ट्रेमधले कागद कशाला वापरले?”

“हरकतींची उत्तरं छापली सर. सात.”

सातातली सहा मेघाच्या खणात पडून होती, कुणी न्यायला आलं नव्हतं. सहाही उलटी केली. नोटिसा, वेळापत्रकं, एक जुनं सहलीचं पत्रक. दोन कागदांवर पट्टीची रेघ, एकावर फुली, तीन कागदांवर माझी पेन्सिल. परिशिष्ट कशावरच नाही.

राहिलं सातवं. ते पाचोडच्या पोरीकडं होतं, प्लास्टिकच्या पिशवीत. काखेत कळसा आणि गावाला वळसा. ज्या कागदानं तिला नाही म्हटलं, त्याच्याच पाठीवर तिचे गुण होते.

मी तिला फोन लावला. “उद्या ते उत्तर घेऊन ये. साडेतीनला, प्राचार्यांच्या केबिनमध्ये. आणि तोवर पिशवीतून काढू नकोस.”

“सर, त्याच्या मागं तर...”

“काही बोलू नकोस. उद्या बघू,” मी म्हणालो.

तिला तेव्हा बोलू दिलं असतं तर दोन मिनिटांत सगळं संपलं असतं. पण मला सगळ्यांसमोर पान उलटायचं होतं. रेघ मारणारा हात कुणाचा ते सगळ्यांसमोर सांगायचं होतं.

६

शनिवारी साडेतीनला सगळे आले. प्राचार्य, आप्पासाहेब, मेघा, सत्यम. कचरू दाराशी उभा. विशाखा खुर्चीच्या कडेवर बसली होती, पिशवी मांडीवर.

मी उभं राहून बोललो. टॅगची गाठ सांगितली, आवक रजिस्टर सांगितलं, मंगळवार सांगितला. कबुलीजबाब खोटे कसे तेही सांगितलं. प्राचार्य मान हलवत होते. “पान चोरलं नाही,” मी म्हणालो, “जास्तीचं समजून काढलं आणि ट्रेमध्ये टाकलं. पण नव्या आणि जुन्या पानातला फरक ज्याला कळला नाही, किंवा कळून घ्यायचा नव्हता, त्याची रेघ त्यावर आहे. ती बघितली की आणखी काही विचारायला नको.”

मेघानं मान खाली घातली. कचरू म्हणाला, “साहेब, ऱ्हाऊ द्या.” मी त्याच्याकडं लक्ष दिलं नाही. विशाखाच्या हातून पिशवी घेतली, कागद काढला आणि टेबलावर उलटा केला.

परिशिष्ट ब. चतुराबाईंची सही, गोल शिक्का. वरच्या डाव्या कोपऱ्यातून खालच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत निळ्या पेन्सिलची एक रेघ. उलट्या अंगाची, डाव्या हाताची.

मला तो मंगळवार आठवला. अकरा फाइली साफ केल्या होत्या त्या दिवशी. कचरूनं कपाट उघडलं ते माझ्यासाठी. मंगळवारी ऑफिसात कोण होतं, हे मी सगळ्यांना विचारलं, एक स्वतःला सोडून. ह्या फाइलीत दोन परिशिष्टं दिसली. एकात आयटीआयला वीस, एकात चाळीस. चाळीस बघून मी हसलो होतो. स्टार्टर जोडणाऱ्याला बारावी सायन्सवाल्याइतके गुण? टायपिंगची चूक, नाहीतर कुणाचा तरी रद्द झालेला मसुदा. सहीकडं नीट बघितलंसुद्धा नाही. वीसचं पान माझ्या ओळखीचं होतं, ते ठेवलं. टॅग सोडला, चाळीसचं काढलं, रेघ मारली.

आणि कचरू शेजारी उभा होता. तो म्हणाला होता, “साहेब, ते नवं दिसतंय.” मी म्हणालो होतो, “तुला वाचता येतं का?”

सातवी पास आहे तो. मला ठाऊक होतं.

मेघाला आणि कचरूला रेघ बघायची गरजच नव्हती, त्यानं तिला आधीच सांगितलं होतं. ह्या दोघांनी माझी अब्रू सांभाळायला स्वतःची पुढं केली होती, आणि मी त्याला आप्पासाहेबांची दहशत समजलो. भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ना, तसं झालं.

पहिल्यांदा बोलले ते आप्पासाहेब. “वाघचौरे, तुमचाच नियम आहे ना, रेघ मारलेला कागद रद्द समजायचा?” आवाज अगदी मायेचा. “मग हा रद्दच झाला. रेघ समितीनं मारली असं धरू. तुमचंही नाव राहील, यादीही राहील. कुणाची चूक शोधत बसण्यात काय अर्थ आहे?”

वाट सरळ होती. मी नुसतं गप्प बसलो असतो तरी भागलं असतं. प्राचार्य माझ्याकडं बघत होते, आणि खरं सांगतो, एक क्षण मी गप्प बसलो. तो क्षण विशाखानं पाहिला. ती हळूच म्हणाली, “मला वाटलं ते खरंच रद्द झालंय सर. तुम्हीच म्हणालात, रेघ मारली म्हणजे रद्द. म्हणून मी परत बोलले नाय.”

“कचरू, इकडं ये,” मी म्हणालो.

तो आला. मी कागद त्याच्यापुढं सरकवला. “आयटीआयची ओळ वाच.”

“साहेब, कशाला...”

“वाच. मोठ्यानं वाच.”

त्यानं खिशातून चष्मा काढला आणि ओळीवर बोट ठेवलं. “दोन वर्षांचा... औद्योगिक प्रशिक्षण... अभ्यासक्रम,” तो थांबत थांबत वाचत होता. “गुण चाळीस.”

“ही रेघ माझी आहे,” मी प्राचार्यांना म्हणालो. “समितीची नाही. मला रेघ मारायचा अधिकार नव्हता, फाइलीला हात लावायचाही नव्हता. मी तीन वर्षांपूर्वी निवृत्त झालोय. कचरूनं त्याच वेळी अडवलं होतं, मी त्याचा अपमान केला. आणि ही पोरगी दोनदा मागची बाजू दाखवायला गेली, दोन्ही वेळा मी तिला गप्प केलं. हे असंच्या असं लिहून देतो.”

तिथंच बसून लिहिलं, कोऱ्या कागदावर, डाव्या हातानं. आप्पासाहेब उठले आणि जाता जाता म्हणाले, “म्हातारपणी माणसाला घरी बसवावं.” ह्यात खोटं काही नव्हतं.

प्राचार्यांनी त्या पानाचा फोटो चतुराबाईंना पाठवला. दहा मिनिटांत उत्तर आलं, हेच शेवटचं. सत्यमनं नवी यादी लावली. विशाखा दाभाडे, एक्याऐंशी. राजनंदिनी प्रतीक्षायादीत पहिली गेली. तिचाही ह्यात काही दोष नव्हता, तीही माझ्यामुळंच दोन आठवडे खोट्या आनंदात राहिली.

७

प्रवेशाचं पत्र पावणेपाचला निघालं. मेघा सवयीनं ट्रेकडं वळली. मी म्हणालो, “नको. कोऱ्यावर दे.” विशाखानं पत्र दोनदा वाचलं, मग उलटं करून मागची बाजू पाहिली. ती पांढरी होती. ते बघून तिनं घडी घातली.

मी निळी पेन्सिल कचरूच्या हातात दिली आणि माफी मागितली. त्यानं पेन्सिल टेबलावर ठेवली. “तुम्ही इचारलं आसतं तर म्या सांगितलंच आसतं साहेब,” तो म्हणाला, आणि कप गोळा करायला लागला. माझा कप त्यानं डाव्या हाताकडूनच उचलला.

बाहेर व्हरांड्यात विशाखा बापाशी फोनवर बोलत होती. बोलता बोलता माझ्याकडं बघितलं आणि फोन पुढं केला. “बाबांना तुमच्याशी बोलायचंय.”

“साहेब, सखाराम बोलतोय,” पलीकडून आवाज आला. “पोरगी म्हणती, तुमच्याकडून झालं.”

“होय. माझ्याकडूनच झालं.”

“म्हंजी तिचं काय चुकलं नव्हतं?”

“नाही. तिचं काहीच चुकलं नव्हतं.”

मागं कुणीतरी बाई काय झालं, काय झालं म्हणून विचारत होती, विशाखाची आई असावी.

“लई बोललो साहेब मी तिला,” सखाराम म्हणाले. “पंधरा दिस झालं. तुला फार्म भरता येईना, शिकून काय केलं, आसं काय काय बोललो. चार लोकांत बोललो. आता तिला काय सांगू?”

चौतीस वर्षांत मी प्रत्येक पत्राला उत्तर लिहिलंय. कुठल्या पत्राला कुठला नमुना, मला झोपेत विचारलं तरी सांगेन. ह्याला नमुना नव्हता.

“मी येतो पाचोडला,” मी म्हणालो. “त्या चार लोकांसमोर सांगतो, चूक माझी होती म्हणून.”

“या. पण तुमचं तुम्ही सांगाल साहेब,” ते म्हणाले. “बोललो तर मीच ना.”

विशाखानं माझ्या हातातून फोन घेतला. पिशवी काखेत धरली, नवं पत्र तिच्यात घातलं.

“बाबा, रडू नका,” ती म्हणाली. “आईला म्हणावं भाकरी करून ठेव. सहाच्या गाडीनं येते मी.”